दळवीकाकांची दातांची कमिटी

रोज सकाळी साडेसहाला आमच्या शेजारचे दळवीकाका सतरा मेलेल्या माणसांच्या दातांचं पाणी बदलायचे.

त्या वेळी मीरा रोडला पाणी एक दिवसाआड यायचं, तेही टँकरनं. टँकरचा भोंगा वाजला की आम्ही बायका हंडे घेऊन जिने उतरायचो, आणि काका आपल्या वाटणीच्या दोन बादल्यांतून आधी सतरा ग्लासांचं दोन दिवसांचं पाणी बाजूला काढायचे. तळमजल्यावरची जिग्नाबेन कपाळावर हात मारायची. "इधर जिंदा लोग को पीने को नहीं है, और ये मरेला लोग को पिलाता है!"

काका म्हणायचे, "पितात कुठं? नुसते बसतात. पाण्याबाहेर ठेवले की तडकतात बिचारे."

काका कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवत आणि काका त्यावरून घरीच कवळी करून देत. आसपासचे म्हातारे तर डॉक्टरला मध्ये न घेता थेट त्यांच्याकडेच येत. आता माणूस गेला की त्याचे कपडे कोणाला तरी देता येतात, चष्मा देता येतो, काठी देता येते. कवळी कोणाला देणार? चितेवर ठेवायला मन धजत नाही, कचऱ्यात टाकायला तर त्याहून नाही. मोरीच्या फळीवरल्या ग्लासात ते दात तसेच हसत राहतात आणि घरातली पोरं मोरीत जायला घाबरतात. मग तेरावं झालं की कोणीतरी ती रुमालात गुंडाळून काकांना परत आणून द्यायचं.

उत्तनहून एक कोळी आपल्या आईची कवळी घेऊन आला होता. मी तेव्हा दारात तांदूळ निवडत बसले होते. तो आत जायलाच तयार नव्हता. "मायचे दात हायेत," म्हणाला. "घरात ठेववत न्हाय, नि दर्यात टाकायचा धीर होत न्हाय."

काकांनी दोन्ही हात पुढे केले. "द्या. इथं एकट्या नाही पडणार."

स्वतः काकांच्या तोंडात मात्र एकही दात नव्हता. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. जगाला कवळ्या करतात आणि स्वतःला का नाही, असं विचारलं की रोज नवं उत्तर मिळायचं. कधी "सवड मिळाली की करतो", कधी "मापाचा रंग सापडत नाही", तर कधी नुसतंच "बघू".

आमची बिल्डिंग हाटकेश भागाच्या अंगाला. मागं छोटे कारखाने, पुढं मातीची भरणी टाकलेली ओसाड जमीन, आणि तिच्यापलीकडे मिठागरं. निम्मी घरं बंद. दुपारी वारा सुटला की रिकाम्या घरांच्या खिडक्या आपटायच्या आणि आतून कोणीतरी ओरडतंय असं वाटायचं. काकांचे सतरा ग्लास खिडकीच्या कठड्यावर ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर शाईनं नाव. उन्हं कलली की त्या पाण्यातून उजेड आत यायचा आणि समोरच्या भिंतीवर दातांच्या सावल्या पडायच्या, हातभर मोठ्या. खालून मातीचा ट्रक गेला की पाणी हलायचं आणि भिंतीवरचे जबडे बोलायला लागायचे. मी खिरीची वाटी द्यायला गेले तेव्हा ते पहिल्यांदा पाहिलं. वाटी तिथंच ठेवून परत आले. चप्पल त्यांच्या दारात राहिली ती संध्याकाळी माझ्या मुलीला, वैशूला पाठवून आणवली.

दुसरं भ्यायचं कारण म्हणजे आवाज. आमच्यात आणि काकांच्यात एकच भिंत. दुपारी तिच्यातून यायचं, खट्... खट्... खट्. सावकाश कोणी जेवावं तसं. मला वाटायचं, काका काम करतायत. एकदा मी तो आवाज ऐकत गॅलरीत आले, तर काका खाली कंपाउंडमध्ये रद्दीवाल्याशी बोलत उभे. आत घरात कोणी नाही, दाराला कुलूप, आणि भिंतीतून खट्... खट्.

धीर करून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पितळी बिजागरी आहे. तिच्यावर जबडे बसवतो, चावा तपासायला. उन्हानं सैल पडते, आपोआप मिटते." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "निदान मी तरी असंच म्हणतो."

अशा माणसाच्या हाती मी माझी मुलगी दिली. कारण दुसरा इलाज नव्हता.

वैशू तेव्हा सातवीत. वरचे दात इतके पुढं, की ओठ मिटायचे नाहीत. शाळेत तिला फावडी म्हणायचे. हसताना ती तोंडावर हात धरायची, पुढं पुढं बोलतानाही धरायला लागली, आणि मग बोलायचीच बंद झाली. बाईंनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असून गप्प उभी राहायची. मी स्वतः चार माणसांत तोंड उघडत नाही, पण माझं ते माझ्या स्वभावानं. तिचं तसं नव्हतं. लहानपणी ती दिवसभर चिवचिवायची.

आमचे हे तिला मुंबईच्या सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथं शिकाऊ डॉक्टरीण होती, तिच्या हाताखाली वैशूला तारा लागल्या. प्रत्येक दातावर एक छोटी क्लिप चिकटवलेली आणि त्यांतून तार ओवलेली. पहिल्याच महिन्यात चिक्कीनं एक क्लिप निघाली. दुसऱ्या महिन्यात कच्च्या पेरूनं दुसरी. डॉक्टरीण रडकुंडीला आली. "सर म्हणतात, आणखी एक निघाली तर केस बंद करायची. रांगेत खूप मुलं आहेत. आता तिचं खाणं तुम्ही सांभाळा, मावशी."

तिचं खाणं सांभाळा म्हणजे काय करा, हे तिनं सांगितलं नाही. मी जिन्यात रडत होते ते काकांनी पाहिलं. माझी विचारपूस नाही, काही नाही. वैशूकडे वळून म्हणाले, "आ कर." बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तात्यांचा चावा. हुबेहूब तात्यांचा चावा! उद्यापासून ही जे खाईल ते आधी कमिटीपुढं येईल."

कमिटी म्हणजे ते सतरा जण. आमच्या सोसायटीलाही कमिटी होती, पण काकांच्या कमिटीत भांडणं व्हायची नाहीत.

तात्या म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतवहिनींचे सासरे. वारले त्याला वर्ष झालं होतं. त्यांचे खरे दातही पुढं आलेले होते, आणि कवळी करताना त्यांनी हट्ट धरला होता, की कवळीही तशीच पुढं आलेली हवी. "आरशात ओळख पटली पाहिजे," म्हणाले होते. काकांनी त्यांच्या कवळीवर क्लिपांसारखे बारीक आकडे चिकटवून तार ओवली, अगदी वैशूच्या तोंडात होती तशी, आणि ती बिजागरीवर चढवली. मग रोज चार वाजता परीक्षा.

मी बशी घेऊन जायची. काका घास तात्यांच्या जबड्यात ठेवायचे, बोटानं दाबायचे, आणि कान लावून ऐकायचे. आकडा हलला तर "नापास". नाही हलला तर तोच पदार्थ स्वतःच्या हिरड्यांनी खाऊन बघायचे. मग वैशूची पाळी.

चकली नापास. चिवड्यातलं डाळं नापास. पावाची कड नापास, आतला मऊ भाग पास. पेरू, ऊस नापास. मक्याचं कणीस नापास, पण दाणे काढून वाफवले तर पास. सफरचंद शिजवून पास. इडली, मऊ उपमा, दहीपोहे, घावन, उकडलेलं रताळं, उकडलेलं अंडं पहिल्या फेरीत पास. जिग्नाबेनचा ढोकळा तर एवढा पास झाला, की काकांनी तिला निरोप पाठवला, "तात्यांना आवडला." ती आठवडाभर आमच्या मजल्यावर फिरकली नाही.

जिलेबीला जबडा मिटला, आकडा हलला नाही. वैशूचा चेहरा उजळला. पण काकांनी जबडा उघडून दाखवला. तारेच्या प्रत्येक वळणात पाक बसला होता. "हे बघ. दात तुटत नाही, पण आतून कुजतो, आणि कुजताना आवाज करत नाही. गोड खायचं तर जेवणाबरोबर, आणि लगेच खळखळून चूळ." पाणीपुरीवर बराच विचार झाला. शेवटी असं ठरलं, की पुरी पाण्यात एक मिनिट बुडवून मऊ केली तर पास. वैशू म्हणाली, "काका, मग ती पाणीपुरी कुठं राहिली?"

"हा प्रश्न जिभेचा आहे," काका म्हणाले. "दातांना विचारलं का?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजी घेताना, लग्नाची पत्रिका आली की, कोणी परदेशी निघालं की, "दातांना विचारलं का?"

हळूहळू माझी भीती बोथट झाली. दोन वर्षं रोज चार वाजता काका आणि वैशू एकाच चटईवर, समोर सारख्याच दोन बशा, सारखंच मऊ खाणं. ती त्यांच्याशी बोलायची. घरी नाही बोलायची इतकं बोलायची. तोंडात तारा असलेली पोर आणि दात नसलेला म्हातारा, दोघांनाही चावायची घाई नव्हती. खिडकीत बाकीचे सोळा ऐकत असायचे. एखाद्या ग्लासात बुडबुडा वर आला की काका मान डोलवायचे, "बरोबर आहे त्यांचं." वैशू खिदळायची. मी हसायची नाही, कारण बुडबुडे खरंच बोलण्याच्या मध्येच यायचे.

दोन वर्षं क्लिप निघाली नाही. डॉक्टरीण म्हणाली, आता एकच महिना. आणि त्या महिन्यात संक्रांत आली.

बाकी सगळं टाळता येतं, संक्रांतीचा तिळगूळ कसा टाळणार? मागल्या वर्षी तापाचं निमित्त करून मी तिला घरात ठेवलं होतं, दरवर्षी तेच कसं चालणार? मोठं माणूस हातावर लाडू ठेवतं आणि "टाक तोंडात" म्हणत समोर उभं राहतं. नाही म्हटलं तर वर्षभराचा रुसवा. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये एकीचा लाडू दुसरीच्यापेक्षा कडक. सगळ्या चिक्कीचा गूळ वापरायच्या. वैशूला मी बजावलं होतं, पण तिच्या डोळ्यांत दोन वर्षांची भूक होती. मला रात्री झोप लागेना.

भोगीच्या दुपारी काकांनी दार वाजवलं. धुतलेला सदरा, आणि हातात बिजागरीवर बसवलेले तात्या. "चला. घरोघरी जाऊन लाडू तपासू. मी एकटा गेलो तर बायका दार उघडणार नाहीत."

"काका, नको," मी म्हटलं. "लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या तोंडात तार आहे का?"

मी गेले. पदर तोंडावर घट्ट धरून गेले. सावंतवहिनींकडे चार-पाच जणी गोल बसून लाडू वळत होत्या. गरम पाकानं हात लाल झालेले, गप्पा जोरात. दारात आम्ही दिसलो आणि गप्पा थांबल्या. काकांनी नम्रपणे विचारलं, "साधा गूळ की चिक्कीचा?" आणि उत्तराची वाट न बघता ताटातला एक लाडू उचलून जबड्यात ठेवायला वाकले.

जिग्नाबेनही तिथंच होती. "ये किस का दांत है?"

सावंतवहिनी जबड्याकडे टक लावून बघत होत्या. पुढं आलेले दात, त्यांतला एक जरा पिवळट. त्यांचा हात पाकातच राहिला. चटका बसला असणार, पण त्यांना कळलं नाही.

"तात्या," त्या म्हणाल्या. मग एकदम उठल्या. "लाज वाटत नाही? सणाच्या ताटाला मेलेल्या माणसाचे दात लावता? माझ्या सासऱ्यांचे दात घरोघर नाचवता?"

मला भूमीनं पोटात घ्यावं असं झालं. बाकीच्या जणी पदर सावरून मागं सरकल्या. काका मात्र जागचे हलले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्हीच आणून दिलेत. घरात ठेववत नाही, टाकववत नाही, म्हणालात. मी त्यांना काम दिलं."

"कसलं काम?"

सांगायला हवं होतं, आणि काका मागं वळून माझ्याकडे बघत होते. मी तोंडावरचा पदर काढला. बोलले. वैशूच्या दातांचं बोलले, दोन क्लिपांचं, केस बंद होण्याचं. "एकच महिना राहिलाय, वहिनी. कडक लाडू आला की तिचं तोंड पुन्हा होतं तसं होईल. म्हणून तात्या बघतायत."

मागल्या रिकाम्या घराची खिडकी आपटत होती. सावंतवहिनींनी आपल्या हातानं, नुकताच वळून गार झालेला एक लाडू घेतला आणि तात्यांच्या दातांमध्ये ठेवला. "दाबा," म्हणाल्या.

काकांनी दाबलं. लाडू फुटला नाही. आणखी दाबलं. टिच् आवाज आला, तारेचा आकडा उडून ताटात पडला, आणि जबडा तसाच अर्धवट उघडा राहिला, तोंडात लाडू धरून. सगळ्यांनी पाहिलं, की तात्यांना तो चावताही येत नव्हता आणि टाकताही येत नव्हता.

सावंतवहिनी खाली बसल्या. "तीन वर्षं म्हणायचे हो ते. सूनबाई, लाडू कडक झालाय. मी म्हणायची, तुम्हाला नावं ठेवायची सवयच आहे." त्यांनी लाडू हळूच सोडवून घेतला, एखाद्या आजारी माणसाच्या तोंडातून काढावा तसा. मग आत जाऊन खलबत्ता घेऊन आल्या. ताटातले सगळे लाडू कुटून काढले. बाकीच्या जणी आपापल्या घरी गेल्या आणि त्यांच्याही घरांतून कुटल्याचे आवाज यायला लागले.

त्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये तिळगूळ चमच्यानं वाटला.

जिना उतरताना काका तात्यांचं तोंड रुमालानं पुसत होते. मला आलेला धीर अजून गेला नव्हता म्हणून मी विचारलं, "काका, खरं सांगा. तुम्ही स्वतःला कवळी का नाही केलीत?"

ते दोन पायऱ्या उतरले. "आपलं माप आपल्याला घेता येत नाही हो. मापाचा ओला मसाला तोंडात घातला की दुसऱ्यानं बोटं आत घालून तो गच्च धरावा लागतो. पाच मिनिटं. हलायचं नाही. ही धरायची. माझी पहिली कवळी तिनं माप घेतलेली. ती मोडली तेव्हा ही नव्हती."

"एखाद्या डॉक्टरकडे..."

"त्या सगळ्यांना कवळ्या मी करून देतो. त्यांच्यापुढं आ करू?"

मी म्हणायला हवं होतं, काका, मी धरते. रोज कणीक मळणारे हात आहेत माझे. पण परक्या पुरुषाच्या तोंडात बोटं घालायची, हा विचार मनात आला आणि मी नुसतीच मान हलवून माझ्या घरात शिरले. एका दुपारी दोनदा धीर करणं मला जमलं नाही.

नंतर एक नवीनच सुरू झालं. दुपारी बायका काकांकडे यायला लागल्या. कोणी सासूला, कोणी वडिलांना बघून जायची. सावंतवहिनी गुरुवारी यायच्या, तात्यांचं पाणी स्वतः बदलायच्या, आणि त्या आठवड्यात काय काय केलं ते सांगायच्या. भिंतीतून मला ते सगळं ऐकू यायचं. बोलणं एकीचं, मध्ये मध्ये थांबणं, जणू समोरून उत्तर येतंय.

फेब्रुवारीत वैशूच्या तारा निघाल्या. ओठ मिटले. घरी येईपर्यंत ती दातांवरून जीभ फिरवत होती आणि अखंड बोलत होती, रिक्षावाल्याशीसुद्धा, हिंदीत. बिल्डिंगमध्ये शिरलो तर प्रत्येक दारात कोणीतरी उभं. चकल्या, शेव, कडक बुंदीचा लाडू. तिनं सगळं ओढणीत बांधून घेतलं, पण खाल्लं काहीच नाही. चार वाजले होते. ती काकांकडे गेली.

मी मागोमाग गेले. चटईवर दोन बशा मांडलेल्या होत्या. एकीत दुधात भिजवलेलं घावन. दुसरीत शेंगदाण्याची चिक्की, जाड, चकाकणारी. काका त्या दुपारी भाईंदरला चालत जाऊन ती घेऊन आले होते. दोन बशांत वेगवेगळं खाणं मी तिथं पहिल्यांदाच बघत होते. मला एकदम कळलं, की हा दिवस यावा म्हणून या माणसानं दोन वर्षं कान लावून ऐकलं होतं, आणि तो आल्यावर पंगतीला आपण एकटेच उरणार, हेही त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"काका, चिक्की कमिटीनं पास केली?" वैशूनं हसत विचारलं.

"आज कमिटीला सुट्टी. बस."

वैशू बसली. तुकडा तोडला आणि हळूहळू, ओठ मिटून चघळायला लागली, त्यांनीच शिकवलं होतं तसं.

"तसं नाही," काका म्हणाले. "मोठ्यानं खा. आवाज येऊ दे."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं मोठा तुकडा दातांत धरला आणि मोडला. कडाड् आवाज त्या खोलीत केवढा तरी वाटला. मग ती चावायला लागली, कुडुम कुडुम, बिनधास्त. काकांनी डोळे मिटले. त्यांचं रिकामं तोंड तिच्याबरोबर हलायला लागलं, तिच्याच तालात, ती थांबली की थांबायचं, ती चावायला लागली की पुन्हा सुरू. त्यांच्या बशीतलं घावन तसंच होतं.

"अजून," ते म्हणाले.

वैशूनं दुसरा तुकडा उचलला.